परवानगी फक्त अमेरिकेची

पडदा वर गेला की आधी दिसते ती भिंत.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या तालमीच्या मागे एक शेड आहे. तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला विटांची, जन्मात गिलावा न लागलेली भिंत. भिंतीत अकरा खिळे आणि त्या खिळ्यांवर अकरा मुंडकी. उंच टोपीची, बोकडदाढीची अमेरिका. कानांवर केसाळ झडपा ओढलेला रशिया. शेजारी चीन, त्याच्या खाली पाकिस्तान, मग महागाई, भ्रष्टाचार, आणि कोपऱ्यात टोल. टोलचं आंदोलन संपून किती वर्षं झाली, पण मुंडकं अजून खिळ्यावर आहे. कधी लागेल सांगता येत नाही. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येते आणि सकाळी दहाच्या ठोक्याला बरोबर अमेरिकेच्या नाकावर पडते. अशी प्रकाशयोजना पैसे मोजूनही मिळत नाही.

त्या भिंतीपुढे उकिडवा बसून बांबूच्या सांगाड्यात भाताचं पिंजर कोंबतोय तो पिराजी निगवेकर. वय अठ्ठ्याहत्तर. अंगात बंडी, दातांत सुतळीचं टोक. निषेधाचे पुतळे करणं हा त्याचा धंदा.

या गावात माणसाला राग आला की तो आधी कृती समिती काढतो आणि मग पिराजीकडे पुतळा सांगतो. पिराजी सगळ्यांना देतो. लाल झेंड्याला देतो, भगव्याला देतो, निळ्याला देतो. अट एकच. धड जाळायचं, मुंडकं परत आणून द्यायचं. धड म्हणजे पिंजर आणि कुणाचा तरी जुना सदरा. मुंडकं मात्र कागदाच्या लगद्याचं, चिंचोक्याच्या खळीत मुरवलेलं, पंधरा दिवसांच्या मेहनतीचं. ते जाळायला पिराजी खुळा नव्हता. म्हणून काडी ओढायच्या आधी मानेची सुतळी ओढायची, मुंडकं काखेत मारायचं आणि मग घोषणा द्यायच्या. गेली तीस वर्षं या शहरानं जगातल्या सगळ्या बड्या सत्तांची फक्त धडं जाळली आहेत. त्या सत्तांना अजून काही झालेलं नाही, त्याचं कारण हेच असावं.

पिराजी कुणा एका अध्यक्षाचं तोंड करत नाही. "मानसं चार वर्षांनी बदलत्यात," तो म्हणतो, "टोपी तीच ऱ्हाती."

ही अक्कल त्याला नाटक कंपनीत आली. ऐन उमेदीची तीस वर्षं तो एका फिरत्या कंपनीत सामानाची पेटी सांभाळायचा. मुकुट, गदा, ढाली, तिरकमठे सगळं त्याच्या हातचं. माणूस कमी पडला की अंगरखा चढवून तोच हिंदी बोलणारा सुभेदार व्हायचा आणि टाळी घेऊन विंगेत परत यायचा. काय दिवस होते! पेट्रोमॅक्सचा सूं आवाज, गुलाबपाण्याचा वास, घंटेच्या आधीची ती शांतता. पहिल्या अंकात जी तलवार मोगलाच्या हातात, तीच दुसऱ्या अंकात मावळ्याच्या. पेटी एकच. पेटीवाल्यानं कुणाची बाजू घ्यायची नसते, हे पिराजीच्या अंगात तेव्हापासून भिनलं.

आणि त्याच्याही आधी शाळेत. शाळेत अमेरिकेच्या दुधाची भुकटी पाण्यात कालवून मिळायची, तिला डब्याचा वास यायचा. आणि वह्यांना कव्हरं असायची रशियाच्या मासिकांची. कागद असा गुळगुळीत की शाई ठरायची नाही. मास्तर सांगायचे, आपला देश नवा आहे, गरीब आहे, पण कुणाचा मिंधा नाही. दोघांकडूनही घेईल आणि दोघांनाही तोंडावर सुनावील. पेला हातात धरून ऐकणाऱ्या पिराजीची छाती तेवढ्यानं फुगायची. ती पुढेही कधी खाली बसली नाही.

तर सप्टेंबरचा महिना होता, गणपती जाऊन आठवडा झाला होता, आणि दारात दादा सरनाईक उभे राहिले. साम्राज्यविरोधी नागरी कृती समितीचे अध्यक्ष. तालमीचेही तेच अध्यक्ष, म्हणजे पिराजीच्या शेडचे मालकच म्हणा. मालकी तालमीची, पण तालीम म्हणजे दादा, आणि दादा म्हणजे तालीम, असं दादांना वाटतं.

"पिराजीमामा, अमेरिका मोकळी हाय काय?"

"खिळ्यावर हाय बघ. कवा पायजे?"

"गुरवारी, अकरा वाजता, बिंदू चौकात. जरा रागीट करा की तिला. हसल्यागत वाटती."

"तुमी जाळणार म्हटल्यावर हसंल न्हाय तर काय करंल?"

दादांनी ते कानाआड केलं. पुढाऱ्याला कान असतात ते टाळ्यांसाठी. "ह्या खेपेला विषय मोठा हाय, मामा. आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावलाय त्यांनी. शिरोलीच्या फौंड्रीच्या भट्ट्या थंड पडायला लागल्यात. आन का, तर आपण रशियाचं तेल घेतोय म्हणून! आमी कुणाचं तेल घ्यायचं ते ह्यो सांगणार?"

"बरोबर हाय. आपल्या चुलीत कुठलं जळाण घालायचं, ते आपलं आपण ठरवायचं."

"ह्येच! माझं भाषण ह्येच हाय!" असं म्हणत दादांनी खिशातल्या कागदावर ते वाक्य लिहून घेतलं आणि गेले.

त्यांच्या मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला तशी तालमीच्या पायरीवर बसलेली एक बाई उठली. पन्नाशीची, पदर कमरेला खोवलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"कुठलं पावणं?" पिराजीनं विचारलं.

"गारगोटीच्या वरल्या अंगाला आमचं गाव. इठाबाई म्हणत्यात मला. पुतळा सांगायला आलोय."

"कुणाचा?"

"रशियाचा."

पिराजीनं दातांतली सुतळी काढली. तीस वर्षांत हे मुंडकं त्यानं दोनदा खिळ्यावरून उतरवलं होतं, तेही धूळ झटकायला.

विठाबाईनं पिशवीतून फोटो काढला. मुलगा आदर्श, चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला फिटर. शिरोलीतल्या एका कारखान्यात होता, पाळ्या कमी झाल्या आणि घरी बसला. मग सांगलीकडचा एक एजंट आला. रशियात गोदामात हेल्परची नोकरी, राहणं-खाणं त्यांचं. विमानातून उतरल्यावर एका कागदावर सही घेतली. कागद त्यांच्या भाषेतला. दुसऱ्या दिवशी अंगात फौजेचा पोशाख आणि पंधरा दिवसांत हातात बंदूक.

"गौरी जेवायच्या दिवशी दुसऱ्याच्या फोनवरनं बोलला. म्हटला, आये, हितं माजं भांडाण न्हाई. मला हितनं काढ. तवापासनं फोन न्हाई."

"पुढाऱ्यांकडं गेलता?"

"समद्यांकडं गेलतो."

दादांकडे गेली होती. दादा म्हणाले होते, रशिया आपला जुना दोस्त आहे, दोस्ताचा पुतळा जाळत नसतात, आणि अशानं अमेरिकेला आयतं कोलीत मिळतं. मग ती सम्राट मान्यांकडे गेली. सम्राट म्हणजे दुसऱ्या पेठेचा, दुसऱ्या गटाचा, सत्तेच्या बाजूचा नेता. फुटबॉलच्या संघापासून गणपतीच्या आवाजापर्यंत दादांचं आणि त्याचं कशात पटत नाही. तो म्हणाला, "काकू, परराष्ट्र धोरण लई नाजूक असतंय. आपली भूमिका तटस्थ हाय. आपण बोललो तर दिल्ली अडचणीत येती."

सम्राट बोलला की दिल्ली अडचणीत येते, हे दिल्लीला अजून कुणी कळवलेलं नाही.

एकाच्या तोंडाला दोस्ती आली, दुसऱ्याच्या तोंडाला तटस्थता. हयातभर एकमेकांचं बॅनर फाडणारे हे दोघे पहिल्यांदाच एका गोष्टीवर एक झाले होते: या बाईनं गप घरी जावं.

पिराजी मात्र लगेच हो म्हणाला नाही. त्याच्या छातीत मास्तर बसले होते. "इठाबाई, कसं हाय," तो सावकाश म्हणाला, "ही दोन मोठी जनावरं झुंजाय लागली की आपल्यासारख्या देशाला मधनं वाट काढावी लागती. ह्येच्याकडनं तेल, त्येच्याकडनं गिऱ्हाईक. एकाच्या कळपात गेलं की दुसरा शिंगावर घेणार. ते धोरण काय वाईट न्हाई."

"देशानं काढावी की वाट, मामा," विठाबाई म्हणाली. "माझ्या पोरानं कुठली काढावी?"

तिरीप एव्हाना अमेरिकेच्या नाकावरून सरकली होती. पिराजी उठला, त्यानं स्टूल ओढलं आणि रशियाचं मुंडकं खाली काढलं. केसाळ टोपीतून झुरळ पळालं.

"गुरवारी या," तो म्हणाला. "आन त्यो फोटो मोठा करून आणा."

दुसऱ्या दिवशी दादा तालमीच्या कट्ट्यावर चहा घेत असताना पिराजी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. भोवती समितीचे आठ-दहा सभासद होते. समितीत सभासद आठ-दहाच आहेत, 'नागरी' आहे ते नावात.

"दादा, गुरवारी दोन पुतळं नेऊया. एक अमेरिकेचा, एक रशियाचा."

"खुळं का काय मामा? रशिया कशाला?"

"अमेरिकेनं आमच्या भट्ट्या इजवल्या, तिचा जाळूया. रशियानं आमचं पोरगं नेलंय, त्याचा बी जाळूया. भाषण तुझं त्येच ऱ्हाऊ दे. आमी कुणाचं मिंधं न्हाई म्हणतोस न्हवं?"

"ते वाक्य अमेरिकेसाठी हाय."

कट्ट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. दादांनी कप खाली ठेवला. "मामा, राजकारणातलं तुमाला कळत न्हाई. तुमी पुतळं करा. आन ती शेड तालमीची हाय, एवढं ध्येनात ठेवा."

"ठेवतो. तू बी एक ठेव. जातील तर दोनी जातील, न्हायतर एक बी जाणार न्हाई."

एवढं बोलून तो शेडमध्ये, म्हणजे घरी, आला आणि त्यानं अमेरिकेचं मुंडकं खिळ्यावरून काढून पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. शेड गेली तर अकरा मुंडकी घेऊन या वयात जायचं कुठं, याचा विचार त्यानं रात्रभर केला नाही असं नाही. एका बाजूला पंचवीस वर्षांचं छप्पर, दुसऱ्या बाजूला कधी न पाहिलेल्या पोराचा एक फोटो. पण सकाळी उठून त्यानं दोन सांगाडे बांधले, दोन धडं भरली, दोन सदरे चढवले. रशियासाठी सदरा मिळेना, तेव्हा स्वतःचा लग्नातला काढला.

गुरुवार उजाडला. बिंदू चौकात पोलिसांची गाडी, दोन वार्ताहर, एका स्थानिक वाहिनीची वर्षाराणी नावाची मुलगी आणि दादा. पुतळ्यावाचून निषेध कसा करायचा, या प्रश्नावर समितीनं रात्री बैठक घेतली होती. बैठकीतून एक फायबरचा बाहुला निघाला. कापडदुकानात सदरा घालून उभा असतो तो. डोक्याला पुठ्ठ्याची टोपी, छातीला "अमेरिका" अशी पाटी. बाहुला मूळचा साड्यांच्या विभागातला असावा. साम्राज्यशाहीची कंबर फारच नाजूक होती.

दादांनी भाषण केलं. चूल आली, जळाण आलं, मिंधेपणा आला. टाळ्या पडल्या. मग रॉकेल ओतून काडी ओढली, आणि तिथं समितीला कळलं की फायबर जळत नाही. ते वितळतं. आधी टोपी गेली, मग अमेरिका गुडघ्यातून वाकली आणि असा काळा, घाण धूर सुटला की घोषणा देणाऱ्यांचे घसे बसले. निम्मे देशभक्त खोकत कोपऱ्यावरच्या रसवंतीत शिरले. पोलिसांनी पुतळा हिसकावायलाही हात लावला नाही. कोल्हापुरात पोलिसांनी पुतळा ओढला नाही म्हणजे आंदोलन झालंच नाही. दादा धुरात एकटे उभे होते.

त्या धुरातून पिराजीचा प्रवेश झाला. पुढे हातगाडी, गाडीवर दोन पुतळे शेजारी शेजारी, मागे विठाबाई छातीशी मोठा केलेला फोटो धरून. एवढीच मिरवणूक. घोषणा नाही, झेंडा नाही. पण चौकातली रिक्षा थांबली, मग केळीवाला थांबला, मग लोक थांबले.

हवालदार पुढे आला. "मामा, हे काय? दोन?"

"दोन."

त्यानं खिशातून परवानगीचा कागद काढला, लांब धरून वाचला. "हितं अमेरिकेच्या निषेधार्थ लिवलंय. परवानगी फक्त अमेरिकेची हाय. रशियाची परवानगी न्हाई."

"मग रशियानं पोरगं न्येलं, ते कुणाच्या परवानगीनं?"

"ते मला काय म्हाईत? मी अमेरिकेला हात लावत न्हाई. रशिया द्या हिकडं."

त्यानं रशियाची केसाळ टोपी धरली आणि ओढली. विठाबाईनं फोटो काखेत मारला आणि रशियाचा पाय धरला. "सोड म्हणतोय की!" ती ओरडली. "तुजं पोरगं हाय तितं?" हवालदार ओढतोय, बाई सोडत नाही, पिंजर रस्ताभर उडतंय, आणि पिराजी मधे उभा राहून दोघांना म्हणतोय, "सावकाश, सावकाश, मानंला सुतळी हाय!" कचकन सुतळी तुटली. हवालदार मुंडक्यासकट मागे जाऊन केळीच्या गाडीवर टेकला. विठाबाई पाय धरून रस्त्यात बसली आणि तशीच, पिंजर भरल्या केसांनी, पोराचा फोटो वर करून बोलायला लागली. गाव सांगितलं, पोराचं नाव सांगितलं, एजंटचं नाव सांगितलं. कुणी लिहून दिलेलं नव्हतं. चौकात एक माणूस खोकला नाही.

ते सगळं वर्षाराणीनं टिपलं. मग तिनं माइक पिराजीपुढे धरला. "आजोबा, तुमचा रशियाला विरोध आहे. म्हणजे तुम्ही अमेरिकेच्या बाजूचे का?"

पिराजीनं तिच्याकडे पाहिलं, मग हातगाडीवर उरलेल्या अमेरिकेकडे पाहिलं. "बाळ, त्या गाडीवर कोण बसलंय, दिसतंय न्हवं? दोघांच्या मधी उभं ऱ्हायचं म्हंजे दोघांचं बी कान धरायचं, असं आमाला शिकवलं. हल्ली मधी उभं ऱ्हात्यात ते डोळं मिटून. आमच्या कंपनीत तसं मुकं उभं ऱ्हायला भालदार असायचा. त्याला चहा-भजी मिळायची. भूमिका मिळत न्हवती."

रशिया जळला नाही; तो पोलिसांच्या गाडीतून ठाण्यात गेला. अमेरिकाही जळली नाही, कारण काडी ओढायला कुणी उरलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो होता: एका टोकाला हवालदार, दुसऱ्या टोकाला आई, मधे ताणलेला रशिया. वाहिनीवरचं चित्र तर दुपारपर्यंत गारगोटीपासून पेठ वडगावपर्यंत प्रत्येक मोबाइलवर गेलं. त्यानंतर आणखी दोघी आया पुढे आल्या, त्यांचीही पोरं तशीच गेलेली. सोमवारी कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. पासपोर्टची झेरॉक्स घेतली, नंबर घेतला आणि सांगितलं, संध्याकाळी सहाला दिल्लीहून फोन येईल, पोराचा पत्ता लागल्यासारखा वाटतोय, जवळच राहा.

दिल्लीचा साहेब बोलणार हिंदीत. विठाबाईला हिंदी समजत नाही. म्हणून ती पिराजीच्या शेडमध्ये आली. सुभेदाराची का असेना, त्याची हिंदी कामाची होती. पिराजीनं तिला भजी खायला लावली, पाणी दिलं आणि समोर पिंपावर बसून राहिला. साडेपाच झाले.

पावणेसहाला दादा आले. समिती बरोबर, फुलांचा हार बरोबर. शेडचा विषय त्यांनी काढला नाही. "आमच्या आंदोलनाला यश आलं, आक्का!" म्हणत ते विठाबाईच्या उजव्या हाताला बसले.

मागोमाग सम्राट माने आला. चार पोरं, एक कॅमेरा. "काकू, मी वर बोललोय. तटस्थ भूमिकेमुळंच त्यांनी आपलं ऐकलं," म्हणत तो डाव्या हाताला बसला.

"तू बोललास?" दादा म्हणाले. "तू हिला दारातनं हाकललास!"

"आन तुमी काय केलं? साडीवाला बाहुला जाळला!"

"बाहुल्याचं काढू नगंस!"

"काढणार! गावभर वास सुटलाय अजून!"

दोन्हीकडची पोरं उठली. हार कुणाच्या तरी पायाखाली गेला. कॅमेरावाला म्हणाला, फोन वाजला की दोघांनीही फोनकडे बोट दाखवा. मग कुणाचं बोट वर, यावरून पुन्हा जुंपली. मधे विठाबाई दोन्ही मुठींत मोबाइल धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. सहाला चार मिनिटं कमी होती.

शेवटी दादा पिराजीकडे वळले. "मामा, तुमीच सांगा कॅमेऱ्यापुढं. पयल्यापासनं तुमी बघताय. हे कुणामुळं झालं? एकदाचं बोला, तुमी कुणाकडचं?"

कॅमेरा पिराजीवर आला. पिराजी पिंपावरून उठला, दादांच्या आणि सम्राटच्या मधून वाट काढत पुढे आला, वाकला आणि विठाबाईच्या हातातल्या मोबाइलच्या कोपऱ्यात पेटलेली लाल रेघ बघून म्हणाला,

"आक्का, फोन आधी चार्जिंगला लावा."